अंतिम दिवसाचे गणित

धर्मग्रंथातील भविष्याचा अर्थ लावताना ज्यांचे अंदाज चुकले, अशा माणसांची इतिहासात वाण नाही. मात्र आपली चूक चारचौघांत मान्य करणारे त्यांत विरळाच. अमेरिकेतील विल्यम मिलर हा अशा विरळांपैकी एक. जगाच्या अंताची तारीख सांगून फसलेला उपदेशक, एवढीच त्याची ओळख सामान्यतः शिल्लक आहे. ती खोटी नसली तरी अपुरी आहे.

मिलरचा जन्म १७८२ साली मॅसॅच्युसेट्समधील पिट्सफील्ड येथे झाला. बालपण न्यूयॉर्क राज्यातील लो हॅम्प्टन या खेड्यात गेले. शालेय शिक्षण जेमतेम, पण वाचनाचा नाद दांडगा. विवाहानंतर व्हरमाँटमध्ये राहत असता, ईश्वर आहे पण तो जगाच्या व्यवहारात ढवळाढवळ करीत नाही, असे मानणाऱ्या बुद्धिवाद्यांच्या सहवासात त्याने घरची श्रद्धा सोडली. १८१४ साली प्लॅट्सबर्गच्या लढाईत त्याने कॅप्टन म्हणून भाग घेतला. बलाढ्य ब्रिटिश सैन्याची तेथे झालेली माघार त्याला निव्वळ योगायोग वाटेना. पुढे १८१६ मध्ये तो पुन्हा बॅप्टिस्ट श्रद्धेकडे वळला.

गणिताची मांडणी

जुने मित्र बायबलमधील विसंगतींवर बोट ठेवू लागले, तेव्हा त्यांना उत्तर देण्यासाठी या शेतकऱ्याने शब्दसूची हाताशी घेऊन एकेक वचन तपासण्यास आरंभ केला. दानीएलच्या ग्रंथात २३०० दिवसांनंतर पवित्रस्थान शुद्ध होईल, असे भाकीत आहे. भविष्यातील दिवस म्हणजे वर्ष, हा संकेत मिलरने गृहीत धरला. तो त्याने शोधलेला नव्हता. प्रॉटेस्टंट भाष्यकारांत तो पूर्वीपासून रूढ होता. पवित्रस्थान म्हणजे ही पृथ्वी आणि तिची शुद्धी म्हणजे ख्रिस्ताचे पुनरागमन, असा अर्थ त्याने लावला. यरुशलेमच्या पुनर्रचनेसंबंधीच्या इराणी सम्राटाच्या आज्ञेपासून, म्हणजे इ. स. पू. ४५७ पासून, मोजणी केली असता उत्तर येत होते १८४३. हा निष्कर्ष त्याने १८१८ मध्ये काढला. पण जाहीर व्याख्यान दिले ते १८३१ मध्ये. मधली तेरा वर्षे तो स्वतःचेच आक्षेप तपासत राहिला.

त्याला विरोध झाला तो केवळ नास्तिकांकडून नव्हे. धर्मप्रसार, मद्यपानबंदी, गुलामगिरीचे उच्चाटन यांतून जग क्रमाक्रमाने सुधारेल, हजार वर्षांचे सुवर्णयुग अवतरेल आणि त्यानंतरच ख्रिस्त येईल, अशी त्या काळच्या बहुसंख्य अमेरिकी धर्मोपदेशकांची धारणा होती. मिलरच्या मते ख्रिस्त आधी येणार आणि युग नंतर बदलणार. अँडोव्हरचे प्राध्यापक मोझेस स्टुअर्ट यांनी वेगळाच मुद्दा मांडला : दानीएलमधील दिवस हे दिवसच आहेत आणि ते भाकीत ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात, अँटायोकस राजाने यरुशलेमचे मंदिर भ्रष्ट केले तेव्हाच, पूर्ण झाले आहे. ग्रंथ एकच, पण एकाला त्यात भूतकाळ दिसला, दुसऱ्याला वर्तमान.

बावीस ऑक्टोबर

१८३९ मध्ये बोस्टनचे पाद्री जोशुआ हाइम्स मिलरला भेटले आणि खेड्यापाड्यांतील व्याख्यानांची चळवळ झाली. वृत्तपत्रे निघाली, भविष्याचे सचित्र तक्ते छापले गेले, प्रचंड तंबूंत सभा भरू लागल्या. मार्च १८४३ ते मार्च १८४४ ही मिलरची मुदत टळली. इ. स. पू. १ नंतर लगेच इ. स. १ येते, मध्ये शून्य वर्ष नाही. त्यामुळे मोजणीत एका वर्षाची चूक होती, हेही ध्यानात आले. मग सॅम्युएल स्नो या अनुयायाने यहुदी प्रायश्चित्तदिनाच्या आधारे २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली. मिलर आरंभी साशंक होता; ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात त्यानेही ती मान्य केली. काही शेतकऱ्यांनी पिके कापली नाहीत, दुकानदारांनी दुकाने बंद केली. शुभ्र झगे घालून लोक टेकड्यांवर जमल्याच्या कथेला मात्र भरवशाचा पुरावा नाही.

तेवीस तारखेचा सूर्य नेहमीप्रमाणे उगवला. अनुयायांना उपहास आणि क्वचित जमावाचा मारही सोसावा लागला. काहींनी नवा अर्थ शोधला : तारीख बरोबर, पण शुद्धी पृथ्वीची नसून स्वर्गातील पवित्रस्थानाची. या विचारातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथ संघटित झाला. पुण्यातील स्पायसर ही शिक्षणसंस्था त्याच पंथाची.

मिलरने ही पळवाट स्वीकारली नाही. कालगणनेत आपण चुकलो, असे त्याने १८४५ मध्ये छापून प्रसिद्ध केले. पुनरागमनाची आशा मात्र त्याने सोडली नाही. दृष्टी मंदावलेल्या अवस्थेत २० डिसेंबर १८४९ रोजी लो हॅम्प्टन येथेच त्याचे निधन झाले.

त्याची बेरीज-वजाबाकी वर्षभराने चुकली होती. ती सुधारताही आली. सुधारता आले नाही ते मूळ गृहीत. मोजणी पुन्हापुन्हा तपासली गेली. दिवस म्हणजे वर्ष कशावरून, हा प्रश्न मात्र त्याने स्वतःला तितक्या कठोरपणे विचारला नाही. प्रामाणिक परिश्रम माणसाला चुकीपासून वाचवतीलच असे नाही; परंतु चूक उघड झाल्यावर ती कबूल करण्याचे बळ त्या प्रामाणिकपणातूनच येते. मिलरच्या आयुष्याने या दोन्ही गोष्टी दाखवून दिल्या.