सादिया गाओन : तौरातची परंपरा आणि जबूरचे गायन

अहले किताबच्या धर्मपंडितांचा उल्लेख पवित्र कुरआनात ‘रब्बानी’ आणि ‘अह्बार’ अशा दोन शब्दांनी आला आहे. सूरह अल्-माइदामध्ये तौरातनुसार निवाडा करणारे आणि ईशग्रंथाच्या रक्षणाची जबाबदारी सोपविलेले लोक म्हणून ते येतात. सूरह अत्-तौबामध्ये मात्र, लोकांनी आपल्या धर्मपंडितांना अल्लाहच्या जागी नेऊन बसविले, यावर कठोर टीका आहे. आपल्याकडील प्रवचनांतून ही टीका वारंवार ऐकू येते. पहिल्या उल्लेखाकडे सहसा कोणी वळत नाही. हे अह्बार प्रत्यक्षात काय करीत होते, तौरातच्या आदेशांचा अर्थ कोणत्या रीतीने लावीत होते, हे समजून घ्यावयाचे असेल, तर अब्बासी काळातील सईद बिन यूसुफ अल्-फय्यूमी यांचे चरित्र उपयोगी पडते. यहुदी जगात ते सादिया गाओन या नावाने ओळखले जातात.

सादियांचा जन्म इ.स. 882 मध्ये इजिप्तच्या फय्यूम प्रांतातील दिलाझ या गावी झाला. त्या वेळी इजिप्तवर तूलूनी घराण्याची सत्ता होती. कुटुंब साधे होते. पुढे विरोधकांनी त्यांच्या वडिलांच्या कुळावरून त्यांना हिणवले, यावरून घराण्याचा मोठेपणा त्यांच्या वाट्याला आलेला नव्हता हे दिसते. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांनी ‘अग्रोन’ नावाचा हिब्रू शब्दकोश रचला. हा कोश मुख्यतः प्रार्थनागीते रचणाऱ्या कवींसाठी होता. त्याच्या एका भागात शब्द पहिल्या अक्षराच्या क्रमाने आणि दुसऱ्या भागात यमकाच्या सोयीसाठी शेवटच्या अक्षराच्या क्रमाने मांडले होते. या कोशाला पुढे जोडलेल्या अरबी प्रस्तावनेत त्यांनी एक उदाहरण दिले आहे. लोक अरबी भाषा अशुद्ध बोलतात हे पाहून एका अरब पुढाऱ्याला दुःख झाले आणि त्याने शुद्ध भाषेसाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. तीच व्यथा हिब्रूबद्दल आपल्याला वाटते, असे त्यांचे सांगणे होते. कुरआनची भाषा शुद्ध राहावी म्हणून मुस्लिम विद्वानांनी घेतलेले कष्ट या तरुणाने पाहिले होते आणि आपल्या ग्रंथासाठी तेच करण्याची इच्छा धरली होती.

त्यांच्या आयुष्यातील मुख्य वाद मात्र भाषेचा नव्हता. आठव्या शतकात, खलीफा मन्सूर यांच्या काळात, इराकमध्ये अनान बिन दाऊद नावाच्या यहुदी विद्वानाने प्रस्थापित धर्मपंडितांशी फारकत घेतली होती. अनान तुरुंगात असताना इमाम अबू हनीफा (रह.) यांनी त्याला बचावाचा मार्ग सुचविला, अशी एक आख्यायिकाही नंतर रूढ झाली. अनानच्या विचारांतून आणि त्याच्यासारख्या इतर प्रवाहांतून जो पंथ उभा राहिला, त्याला कराई म्हणतात. ज्या धातूपासून ‘कुरआन’ शब्द बनतो, त्याच वाचनवाचक धातूपासून हे नाव आले आहे. लिखित ग्रंथ तेवढा प्रमाण, हे कराईंचे म्हणणे होते. उलट रब्बानी यहुदींची श्रद्धा अशी, की हजरत मूसा (अ.) यांना सीना पर्वतावर लिखित तौरातबरोबर तिचे मौखिक विवरणही मिळाले. ते गुरुशिष्यपरंपरेने चालत आले, इ.स. 200 च्या सुमारास ‘मिश्ना’मध्ये संकलित झाले आणि पुढे त्यावरील चर्चांतून ‘तल्मूद’ सिद्ध झाला.

सादियांनी वयाच्या तेविसाव्या वर्षी अनानच्या खंडनार्थ अरबीत ग्रंथ लिहिला आणि आयुष्यभर हा वाद लढविला. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. तौरातने वस्त्राच्या कोपऱ्यांना झालरी लावण्याचा आदेश दिला, पण त्या कशा गुंफाव्यात हे लिहिलेले नाही. दानाचा हिस्सा सांगितला, पण त्याचे प्रमाण सांगितले नाही. नित्याच्या प्रार्थनेचे स्वरूप लिखित ग्रंथात सापडत नाही. मग ज्यांनी ग्रंथ आपल्या हाती दिला, त्यांचे आचरण आणि त्यांची साक्ष बाजूला सारून ग्रंथ पाळावयाचा कसा? मुस्लिम वाचकाला हा प्रश्न परका वाटणार नाही. कुरआनने नमाज कायम करण्याचा आदेश दिला, रकअतींची संख्या प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या आचरणातून उम्मतला मिळाली. केवळ कुरआन पुरे, हदीसची गरज नाही, असे म्हणणारे आपल्या काळातही आहेत. फरक असा, की हदीसशास्त्राने प्रत्येक कथनामागील साखळी आणि त्यातील एकेक व्यक्ती तपासण्याची शिस्त उभी केली. तल्मूदमध्येही कोणी कोणाकडून ऐकले याची नावे येतात, पण कथनकर्त्यांच्या छाननीचे तसे स्वतंत्र शास्त्र तेथे घडले नाही, आणि सादियांच्या युक्तिवादाची ही बाजू मला दुबळी वाटते.

त्यांच्या अर्थनिर्णयाचे सर्वांत चांगले उदाहरण डोळ्याबद्दल डोळा या आदेशाचे आहे. रब्बानी परंपरेनुसार त्याचा अर्थ नुकसानभरपाई असा होतो, अपराध्याचा डोळा काढणे असा नाही. बेन झूता नावाच्या विरोधकाने यावर त्यांना छेडले. हा वाद अंदलुसचे भाष्यकार अब्राहम इब्न एझरा यांनी आपल्या भाष्यात नोंदवून ठेवला आहे. सादियांनी विचारले, की एखाद्याच्या आघाताने दुसऱ्याची एक तृतीयांश दृष्टी गेली, तर नेमका तेवढाच, न कमी न अधिक, असा आघात अपराध्यावर करणार कसा? त्याची संपूर्ण दृष्टी गेली तर? जखम नाजूक जागी असेल आणि अपराधी दगावला तर? बेन झूताने उलट विचारले, अपराधी निर्धन असेल तर भरपाई कोठून येणार? सादियांनी उत्तर दिले, की आंधळ्याने डोळसाचा डोळा फोडला तर तुम्ही काय करणार? निर्धनाला पुढे कधी तरी पैसा मिळू शकेल. आंधळ्यापाशी देण्याजोगा डोळा कधीच येणार नाही.

तौरातमधील याच आदेशाचा निर्देश सूरह अल्-माइदामध्ये आहे आणि जो हक्क सोडून देईल त्याच्यासाठी ते प्रायश्चित्त ठरेल, हेही तेथे सांगितले आहे. आपल्या फकीहांनी किसासचा आदेश शब्दशः मान्य केला. परंतु जखमांच्या बाबतीत तंतोतंत बरोबरी शक्य असेल तरच किसास, अन्यथा आर्थिक भरपाई, असा नियम घालून दिला. म्हणजे सादियांनी उभी केलेली अडचण त्यांनीही ओळखली होती. भेद निष्कर्षात आहे. फकीहांनी त्या अडचणीपुरता मूळ आदेश थांबविला, तर रब्बानींनी आदेशाचा अर्थच पहिल्यापासून भरपाई असा धरला. न्यायबुद्धी दोहोंकडे आहे. पण शब्दापासून इतके दूर जाण्याचा अधिकार भाष्यकाराला कोणी दिला, हा कराईंचा प्रश्न त्यामुळे पुरता मिटत नाही.

सुमारे 915 मध्ये सादियांनी इजिप्त सोडले. पॅलेस्टाईनमध्ये त्यांनी तबरिया येथील अबू कसीर यह्या बिन झकरिया या विद्वानाकडे अध्ययन केले. याच अबू कसीरशी शरीअतच्या ‘नस्ख’विषयी, म्हणजे पूर्वीचा आदेश रद्द होऊन नवा येण्याविषयी, आपल्या चर्चा झाल्याचे इतिहासकार मसऊदी यांनी लिहून ठेवले आहे, सादियांचा उल्लेखही त्यांनीच केला आहे. तौरातचा कायदा कधीही रद्द होणार नाही, हे सादियांचे ठाम मत होते आणि त्यासाठी त्यांनी पुढे सविस्तर लिहिले. ते मत आपल्याला अर्थातच मान्य होणारे नाही. 921 मध्ये पॅलेस्टाईनचे धर्मप्रमुख बेन मेईर यांनी पंचांगाची वेगळी गणना जाहीर केली आणि 922 मध्ये पेसाह सणाच्या तारखांत दोन दिवसांचे अंतर पडले. त्या वेळी हलबमध्ये असलेल्या सादियांनी इराकच्या विद्वानांची बाजू इतक्या समर्थपणे मांडली, की तीच शेवटी टिकली. (ईदच्या चंद्रदर्शनावरून एकाच शहरात दोन तारखा पाहणाऱ्यांना या वादाची कल्पना वेगळी करून द्यावयास नको.)

इ.स. 928 (हि. 316) मध्ये त्यांना ‘सूरा’ येथील विद्यापीठाचे गाओन, म्हणजे प्रमुख, नेमण्यात आले. ही सूरा म्हणजे इराकमधील एक प्राचीन गाव. कुरआनच्या सूरहशी तिचा संबंध नाही. विद्यापीठ तोवर बगदादला हलले होते आणि मोडकळीस आले होते. नेमणूक करणारे दाऊद बिन झक्काई हे यहुदी समाजाचे ‘रअस् अल्-जालूत’ होते. हा माणूस विद्वान आहे, पण कोणापुढे झुकणार नाही, असा इशारा त्यांना एका वृद्ध अंध विद्वानाने दिला होता. तो दोनच वर्षांत खरा ठरला.

एका मोठ्या वारशाचा निवाडा रअस् अल्-जालूतच्या न्यायालयात झाला. त्यातील दहावा हिस्सा स्वतः रअस् अल्-जालूतला मिळावयाचा होता. निवाड्याच्या कागदावर दोन्ही विद्यापीठांच्या प्रमुखांच्या सह्या आवश्यक होत्या. दुसऱ्या प्रमुखाने सही केली. सादियांनी नकार दिला. दाऊदचा मुलगा यहूदा पुनःपुन्हा निरोप घेऊन आला, अखेर त्याने हात उगारण्याची धमकी दिली, तेव्हा सादियांच्या माणसांनी त्याला बाहेर काढले. दाऊदने सादियांना पदच्युत करून दुसरा गाओन नेमला. सादियांनी दाऊदच्या भावाला रअस् अल्-जालूत घोषित केले. लहानमोठा न पाहता निवाडा करावा, हा तौरातचा आदेश सादियांनी पाळला, यात शंका नाही. पण न्यायासाठी सुरू झालेल्या भांडणात प्रतिस्पर्धी रअस् अल्-जालूत उभा करणे ही न्यायाची गरज नव्हती, असे मला वाटते. दोन्ही बाजूंनी एकमेकांवर बहिष्कार घातले आणि अत्यंत हीन पत्रके लिहिली. प्रकरण वजीर अली बिन ईसा यांच्यापुढे गेले. खलीफा मुक्तदिर यांच्यानंतर 932 मध्ये आलेल्या खलीफा काहिर यांना पैशाची निकड होती आणि विरोधी पक्षात धनाढ्य व्यापारी होते. निकाल सादियांच्या विरुद्ध लागला.

पुढील काही वर्षे ते बगदादमध्ये एकांतात राहिले. याच काळात, 933 मध्ये, ‘किताब अल्-अमानात वल्-इअतिकादात’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ पूर्ण झाला. ईश्वरी आदेशांपैकी काही बुद्धीने कळतात आणि काही केवळ ऐकून स्वीकारावे लागतात, ही त्यातील विभागणी मुअतझिलांच्या विचारपद्धतीची आठवण करून देते. तौरातमध्ये अल्लाहच्या हाताचा उल्लेख आला तर सामर्थ्य, डोळ्याचा आला तर देखरेख, असा अर्थ घ्यावा, असे त्यांनी आग्रहाने सांगितले. तौरातच्या आपल्या अरबी भाषांतरातही, ज्याला ते ‘तफ्सीर’ म्हणतात, त्यांनी हीच दक्षता घेतली. त्या भाषांतरात परमेश्वरासाठी अल्लाह आणि याजकासाठी इमाम हे शब्द आहेत.

आता जबूर. कराईंनी आणखी एक पाऊल टाकले होते. रब्बानींच्या प्रार्थना माणसांनी रचलेल्या आहेत, म्हणून त्या सोडून हजरत दाऊद (अ.) यांची स्तोत्रेच प्रार्थना म्हणून म्हणावीत, असे त्यांचे मत होते. वरवर पाहता ते पटण्याजोगे आहे. सादियांनी जबूरवरील भाष्याच्या प्रस्तावनेत त्याला उत्तर दिले. जबूर हा दाऊद (अ.) यांच्यावर उतरलेला ईशग्रंथ आहे, त्यातील शब्द याचना करणाऱ्या मानवाचे वाटले तरी बोलणारा अल्लाहच आहे आणि त्यात आज्ञा व निषेध आहेत. शीर्षकांत इतर नावांशी जोडलेली स्तोत्रेसुद्धा दाऊद (अ.) यांचीच, ती नावे गायकांची होत. शिवाय त्यांचे गायन नियमबद्ध होते. ठराविक लेवी घराण्याने, ठराविक चालीत, ठराविक वाद्यावर, बैतुल मुकद्दसच्या प्रार्थनागृहातच ते गावयाचे होते. ते प्रार्थनागृह राहिले नाही. त्यामुळे जबूर वाचावा, त्यातून आज्ञा शिकावी. पण नित्याची प्रार्थना परंपरेने आलेली तीच करावी.

जबूर मिळालेल्या ज्या प्रेषितांबरोबर पर्वत आणि पक्षी तस्बीह करीत, असे कुरआन सांगते, त्यांच्या वाणीला सादियांनी कवितेचा नव्हे तर वह्यचा दर्जा दिला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्यांच्यानंतरच्या काही यहुदी भाष्यकारांनी स्तोत्रांना मानवी काव्य मानले.

गायनाविषयी त्यांना तिटकारा होता असे मात्र नाही. त्यांनी स्वतः विपुल धार्मिक काव्य लिहिले. तौरातमधील 613 आदेश त्यांनी पद्यात गुंफले, ते सणाच्या दिवशी म्हणण्यासाठी. ‘अल्-अमानात’च्या शेवटच्या प्रकरणात आठ तालांचा मनावर होणारा परिणाम सांगून, एकाच तालापेक्षा त्यांचे मिश्रण हितकर, असे त्यांनी लिहिले आहे. प्रवासात ठिकठिकाणी प्रार्थनांत गाळलेले आणि घुसडलेले भाग पाहून त्यांनी ‘किताब जवामिअ अस्-सलवात वत्-तसाबीह’ हा प्रार्थनासंग्रह सिद्ध केला. त्याचे हिब्रू पाठ अरबी सूचनांसह आहेत. सकाळच्या प्रार्थनेत रोज उगवणाऱ्या प्रकाशाबद्दल आभार मानले जातात. तेथे सियोनवर उगवणाऱ्या भावी प्रकाशाची ओळ लोकांनी जोडली होती. ती लोकांना प्रिय होती, तरी त्यांनी ती मना केली. प्रार्थनेचा विषय निर्माण केलेला सूर्यप्रकाश आहे, तिचा रोख बदलता कामा नये, एवढेच त्यांचे कारण होते. गीत कितीही गोड असले तरी ते आदेशाच्या चौकटीत बसले पाहिजे, हा आग्रह त्यांनी येथेही सोडला नाही.

इ.स. 937 च्या सुमारास बिश्र बिन हारून या प्रतिष्ठित गृहस्थाने समेट घडवून आणला. दोन्ही पक्ष समोरासमोरून चालत आले आणि त्यांनी आलिंगन दिले. सादिया पुन्हा गाओन झाले. 940 मध्ये दाऊद बिन झक्काई वारले. ज्याने एके काळी सादियांवर हात उगारण्याची भाषा केली होती, तो यहूदा सादियांच्या पाठिंब्याने रअस् अल्-जालूत झाला, पण सात महिन्यांतच मरण पावला. मागे बारा वर्षांचा मुलगा राहिला. सादियांनी त्याला आपल्या घरी आणून सांभाळले आणि शिकविले.

942 (हि. 330) मध्ये सादिया निवर्तले; साठ वर्षे पूर्ण होण्यास सुमारे चाळीस दिवस उरले होते. इब्न अन्-नदीम यांनी ‘अल्-फिह्रिस्त’मध्ये त्यांच्या ग्रंथांची नोंद केली आहे. त्यांच्या मुलांनी केलेली दुसरी यादी काहिराच्या जुन्या कागदपत्रांत सापडली. सूरा विद्यापीठ त्यांच्या मृत्यूनंतर लवकरच बंद पडले आणि कित्येक वर्षे उघडले नाही. तौरातचे त्यांचे अरबी भाषांतर मात्र यमनच्या यहुद्यांनी आजपर्यंत जपले आहे.