मद्रासचे आकाशनिरीक्षक : नॉर्मन पॉगसन

इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे १८२९ साली जन्मलेले नॉर्मन पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख झाले. ताऱ्यांची प्रत मोजण्याचे, आजही रूढ असलेले प्रमाण त्यांनी त्यापूर्वीच मांडले होते. परंतु चिकाटीची खरी कसोटी मद्रासलाच लागली. सहकारी मोजकेच. त्यांतील चिंतामणी रघुनाथाचार्यांचे नाव आज विस्मरणात जावे, ही खंतच. पुढे कन्या आयसिसही वडिलांच्या हाताखाली राबली. रात्रीमागून रात्री नकाशाशी आकाश ताडून पाहायचे आणि जागा बदलणारा ठिपका हेरायचा. या परिश्रमांतूनच १६ मे १८६६ रोजी लघुग्रहपट्ट्याच्या बाहेरील भागातील सिल्व्हिया हा लघुग्रह गवसला. १८९१ मध्ये पॉगसन मद्रासलाच निवर्तले. त्यांना केवळ ठिपका दिसलेल्या सिल्व्हियाभोवती दोन उपग्रह फिरतात, हे जगाला २००५ मध्ये कळले.