ओशिओ हेइहाचिरो आणि ओसाकाचीं कोठारें

जपानच्या १८६८ सालच्या राज्यक्रांतीची हकीकत आमच्या वाचकांस बहुतेक ठाऊक आहे. परंतु त्या क्रांतीच्या आधीं एकतीस वर्षें, तोकुगावा घराण्याच्या शोगुनांचा अंमल वरून अगदीं अभंग दिसत असतां, त्यांच्याच नोकरींत वाढलेल्या एका अधिकाऱ्यानें ओसाका शहरांत बंडाचें निशाण उभारलें, ही गोष्ट इकडे फारशी कोणी सांगत नाहीं. त्याचें नांव ओशिओ हेइहाचिरो. व्यापाऱ्यांच्या शहरांत, धान्यावरून पेटलेली ही हकीकत आमच्या व्यापारी वाचकांनीं तरी अवश्य ऐकावी, असें आम्हांस वाटतें. ती त्यांस सर्वस्वी गोड लागेल असें मात्र आम्ही म्हणत नाहीं.

प्रथम त्या शहराविषयीं. शोगुनाची राजधानी एदो, म्हणजे आजचें टोकियो. पण पैशाचें घर ओसाका. निरनिराळ्या प्रांतांचे अधिपति जे दाइम्यो, ते रयतेकडून सारा तांदळाच्या रूपानें घेत आणि तो तांदूळ ओसाकाच्या कोठारांत आणून विकीत. दोजिमा येथील तांदळाच्या बाजारास सरकारानें १७३० सालीं मान्यता दिली होती, व तेथें माल प्रत्यक्ष न पाहतां वायद्याचे सौदे होत. लढवय्या सामुराईचें वेतन तांदळांत आणि खर्च नाण्यांत. त्यामुळें ज्याच्या कमरेस तलवार तो ऋणको, आणि सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी ह्या चार पायऱ्यांतील सर्वांत खालचा जो व्यापारी तो धनको, अशी उलटी स्थिति झाली होती. कोनोइकेसारख्या पेढीपुढें मोठमोठ्या दाइम्योंस कर्जासाठीं हात पसरावा लागे. ज्यास शास्त्र नीच मानतें त्याच्याच उंबऱ्याशीं शास्त्र सांगणारे जाऊन बसतात, हा प्रकार आमच्या देशांतही अपरिचित नाहीं.

ओशिओचा जन्म १७९३ सालचा. लहानपणींच आईबाप वारले, आजोबांनीं वाढविलें. शहराचा कारभार पूर्वेचा व पश्चिमेचा अशा दोन नगराधिकाऱ्यांकडे असे. आमच्या पेशवाईंतील कोतवालासारखेच, पण त्याहून अधिक अधिकाराचे हे गृहस्थ एदोहून नेमून येत आणि बदलून जात. त्यांच्या हाताखालचे फौजदार मात्र पिढीजाद व तेथलेच. पूर्वेच्या कचेरींतील अशी एक फौजदारी ओशिओच्या घराण्यांत होती, व तीच पुढें त्याजकडे आली. लांच घेणें हा ह्या खात्याचा जणूं शिरस्ताच असतां, हा मनुष्य लांच घेत नसे, आणि घेणाऱ्यास सोडीतही नसे. १८२९ सालीं त्यानें पश्चिमेच्या कचेरींतील आपल्याच दर्जाच्या एका अधिकाऱ्याचीं पापें उघडकीस आणलीं. तेव्हां त्या अधिकाऱ्यानें आत्महत्या केली, आणि त्याचें पापाचें धन गरिबांत वांटण्यांत आलें. पुढील सालीं भ्रष्टाचारी बौद्ध भिक्षूंची पाळी आली. याच्या आधीं, १८२७ सालीं, गुप्तपणें ख्रिस्ती धर्म पाळीत असल्याच्या आरोपावरून कांहीं माणसें त्यानें पकडलीं व त्यांतलीं कित्येक तुरुंगांतच मेलीं. त्याचे चरित्रकार हेंही त्याच्या पराक्रमांत मोजतात. आम्हांस तें करवत नाहीं. कायदा तसा होता हें खरें. पण मनांतील श्रद्धेचा गुन्हा ठरविणारा कायदा बजावण्यांत भूषण कसलें?

१८३० सालीं त्याचा वरिष्ठ ताकाइ निवृत्त झाला, तेव्हां ह्यानेंही अवघ्या सदतिसाव्या वर्षीं नोकरी सोडली, फौजदारी दत्तक पुत्र काकुनोसुके यास दिली, आणि आपल्या घरच्या पाठशाळेस वाहून घेतलें. तिचें नांव सेनशिनदो, म्हणजे मन धुण्याची गुहा. चीनचा तत्त्ववेत्ता वांग यांगमिंग हा त्याचा आदर्श. जाणणें आणि करणें हीं दोन नव्हेत. जें जाणून केलें नाहीं तें जाणलेंच नाहीं, असें ह्या पंथाचें सार आहे. सरकारमान्य मत चू शीचें. पण हें मत शिकविण्यास शोगुनाच्या सरकाराची फारशी हरकत नव्हती. पुस्तकांतील मत पुस्तकांतच राहील, अशी त्यांची समजूत असावी.

१८३३ सालापासून पिकें बुडूं लागलीं, आणि १८३६ सालच्या थंड पावसाळी उन्हाळ्यानें तर कहर केला. ओसाकांत माणसें रस्त्यांत मरूं लागलीं. पूर्वेच्या कचेरींत त्या वेळीं अतोबे योशिसुके नांवाचा नगराधिकारी होता. शोगुनाच्या मुख्य मंत्र्यांपैकीं मिझुनो तादाकुनी याचा हा सख्खा भाऊ. नव्या शोगुनाच्या अधिकारग्रहणाचा समारंभ एदोस व्हावयाचा होता. म्हणून ह्यानें उपाशी शहरांतला तांदूळ एदोकडे रवाना केला, आणि क्योतोहून चार शेर तांदूळ नेण्यास आलेल्या गरिबांस मात्र पकडून कैदेंत टाकलें. ओशिओनें काकुनोसुकेच्या द्वारें सरकारी कोठारें उघडण्याविषयीं अर्ज केले. अतोबेनें ते झिडकारले. नंतर ओशिओ मोठमोठ्या पेढीवाल्यांकडे गेला व लोकांस वांटण्यासाठीं कर्ज मागितलें; तेंही मिळालें नाहीं. आमच्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांपाशीं कोठारांच्या किल्ल्या तरी होत्या. ह्याच्यापाशीं होतीं तीं पुस्तकें. आयुष्यभर जमविलेला तो संग्रह त्यानें विकला. सहाशेंहून अधिक र्‍यो आले, ते सुमारें दहा हजार घरांस प्रत्येकीं एक शू याप्रमाणें वांटले. सोळा शूंचा एक र्‍यो होतो. यावरून प्रत्येकाच्या हातीं काय पडलें तें व्यापाऱ्यांस सांगावयास नको.

पुस्तकें विकतांनाच त्यानें तोफा व दारूगोळाही जमविला होता. भोंवतालच्या चार प्रांतांतील खेड्यांकडे त्यानें एक जाहीरनामा पाठविला. त्यांत लोभी अधिकारी व ऐषआरामी धनिक यांचा झाडा होता, आणि ओसाकांत आग दिसतांच धांवून येऊन धनिकांचें धान्य व पैसा वांटून घ्यावा, साऱ्याचीं दप्तरें जाळावीं, असें सांगितलें होतें. वकिलीचा धंदा केलेल्या माणसास आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी वाटते. ह्याच सुमारास त्यानें थोर अधिकाऱ्यांच्या गैरव्यवहारांचे कागद एदोच्या मंत्र्यांकडे पाठविले होते. म्हणजे शस्त्र उचलतांनाही त्याची फिर्याद चालूच होती! ते कागद मुक्कामीं पोंचले नाहींत. त्यांची नक्कल निरायामा येथील एगावा घराण्याच्या दप्तरांत मात्र राहिली.

१८३७ सालच्या मार्च महिन्याची २५ वी तारीख. बेत सायंकाळचा होता; दोघे नगराधिकारी त्या वेळीं एकत्र यावयाचे होते. पण आंतल्याच माणसांनीं फितुरी केली, म्हणून सकाळींच उठाव करावा लागला. ओशिओनें प्रथम स्वतःचें घर पेटविलें. लोकांस वांचवा अशा अर्थाचें निशाण पुढें होतें. निघतांना मूठभर माणसें होतीं, तीं वाटेंत सुमारें तीनशें झालीं. कोनोइके व मित्सुइ यांच्या पेढ्या जाळल्या, लुटल्या. सरकारी फौज आली तेव्हां बंदुकांच्या आवाजानें बुजलेल्या घोड्यांवरून दोघेही नगराधिकारी खालीं पडले, व त्याचें हंसें शहरांत पुष्कळ दिवस चाललें. तरी तिसऱ्या प्रहरापर्यंत बंड मोडलें. खेड्यांतून यावयाची ती गर्दी आलीच नाहीं.

आग मात्र मोडली नाहीं. ती दुसऱ्या दिवशींही जळत होती. शहराचा सुमारें पांचवा हिस्सा आणि तीन हजारांहून अधिक घरें भस्म झालीं. पेढीवाल्यांनीं आपले वाडे पुन्हां बांधले; भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मजुरांचें काय झालें असेल? ज्यांस अन्न द्यावयाचें त्यांचेंच छप्पर ह्या पुरुषानें नेलें, हा दोष त्याच्या पदरांतून आम्हांस काढतां येत नाहीं. पण अर्ज ज्याच्याविरुद्ध त्याच्यापुढेंच अर्ज, अशी जेथें न्यायाची रचना, तेथें ह्या आगीचा वांटा अर्ज झिडकारणाऱ्यासही देणें प्राप्त आहे. विशेष हें कीं, घरें जळालेल्या लोकांपैकींही पुष्कळांनीं त्यास शिव्या दिल्या नाहींत. उलट त्याच्या जाहीरनाम्याच्या नकला चोरून फिरत राहिल्या, आणि त्याच सालीं काशिवाझाकी येथें इकुता योरोझु यानें त्याचें नांव घेऊन दुसरें बंड केलें.

ओशिओ व काकुनोसुके हे शहरांतच एका कापडवाल्याच्या घरीं सुमारें चाळीस दिवस लपून होते. पत्ता लागून शिपायांनीं घर वेढलें, तेव्हां त्यांनीं दारूनें तें पेटवून प्राण दिले. प्रेतें ओळखूं येईनात, म्हणून तो निसटून गेला अशी वदंता अनेक वर्षें होती. खटल्याचा निकाल पुढच्या सालीं, १८३८ त, लागला. तोंपर्यंत बहुतेक आरोपी तुरुंगांत मरून गेले होते. सरकारानें त्यांचीं प्रेतें मिठांत घालून जपून ठेविलीं होतीं. निकालानंतर तीं खांबांस बांधून देहान्त शिक्षेची अंमलबजावणी करण्यांत आली. अतोबेवर कोणताही खटला झाला नाहीं. तो पुढें एदोस वरच्या पदांवर चढला.