दिवाडीचे बिशप, डिचोलीचे आश्रित

डिचोली महालाचा इतिहास सांगू लागले की नार्वे येथील श्रीसप्तकोटीश्वराचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि ते योग्यच आहे. कदंबांचे हे कुलदैवत मूळचे मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावरचे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तेथील देवालय उद्ध्वस्त केले, तेव्हा भाविकांनी लिंग नदीपार डिचोली महालात आणले. १६६८ साली शिवछत्रपतींनी तेथील देवालयाचा जीर्णोद्धार करविला, आणि अलीकडे २०२३ मध्ये ते पुन्हा दुरुस्त होऊन भाविकांसाठी खुले झाले. ही कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक असते. मात्र देवाच्या मागोमाग, सुमारे शतकभरानंतर, त्याच दिवाडीतील एक पुरुष त्याच सत्तेच्या हाताबाहेर राहण्यासाठी त्याच महालाच्या आश्रयास आला, हे फारसे सांगितले जात नाही. हा पुरुष ख्रिस्ती होता आणि पदाने बिशप होता. मातेउश द कास्त्रो हे त्यांचे नाव. महाले हे त्यांचे मूळ उपनाव म्हणून सांगितले जाते. लॅटिन पंथाच्या कॅथलिक चर्चमध्ये बिशपपदास पोहोचलेले ते पहिले भारतीय होत.

त्यांचा जन्म १५९४च्या सुमारास दिवाडीवरील नावेली येथे एका धर्मांतरित ब्राह्मण कुटुंबात झाला. दिवाडीतील सामुदायिक धर्मांतरे १५६०च्या आसपासची. म्हणजे कास्त्रो हे त्यानंतरच्या दुसऱ्या वा तिसऱ्या पिढीतले. या पिढीला ख्रिस्ती धर्म परका राहिलेला नव्हता. घरात तोच, संस्कार त्याचेच. आपण सक्तीने बाटविलेल्यांचे वंशज आहोत, तेव्हा आपली श्रद्धा खोटी, असा विचार कास्त्रो यांच्या मनाला कधी शिवल्याचे दिसत नाही. त्यांचे सारे पुढील भांडण श्रद्धेच्या आतले आहे, हे ध्यानात ठेवले नाही तर त्यांचे चरित्र समजत नाही.

बार्देशातील रेईश मागूश येथे फ्रान्सिस्कनांच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. हा काळ मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. रायतूर येथे फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली छापून बाहेर पडले, तेव्हा कास्त्रो बाविशीचे असतील. चर्चला त्या वेळी आमची भाषा हवी होती, आमचा ओवी छंद हवा होता. परंतु ती भाषा आईच्या दुधाबरोबर प्यायलेला माणूस वेदीपाशी उभा राहू लागला की हात आखडता घेतला जात असे. धर्मसंघांची दारे गोमंतकीयांना बंद होती. कोणी पाद्री झालाच, तर युरोपीय पाद्रीच्या हाताखाली दुय्यम काम करावे, एवढीच त्याची मजल. कास्त्रो यांनी पौरोहित्याची दीक्षा मागितली. आर्चबिशप क्रिस्तोव्हाव द सा यांनी ती नाकारली. शिक्षण पुरे होते, आचरणाविषयी तक्रार नव्हती. अडचण होती ती जन्माची.

अशा प्रसंगी त्या काळचा दुसरा कोणी घरी बसला असता. कास्त्रो यांनी कार्मेलाइट पाद्रींच्या साहाय्याने इराणवरून खुष्कीचा मार्ग धरला आणि १६२५ साली ते रोमला पोहोचले. पोर्तुगीज जहाजाने जावयाचे तर पोर्तुगीजांची अनुज्ञा हवी. वाळवंटाला अनुज्ञा लागत नव्हती.

येथे थोडे थांबून तत्कालीन व्यवस्था पाहिली पाहिजे, कारण या गृहस्थांचे सारे आयुष्य तिच्या दोन दगडांमध्ये भरडले गेले. पूर्वेकडील धर्मकार्याचा सर्व भार पोपनी पोर्तुगालच्या राजावर सोपविला होता. राजाने चर्च बांधावे, पाद्रींचा खर्च सोसावा, आणि त्याबदल्यात बिशप कोण व्हावा हे राजाने सुचवावे, असा हा करार. त्याला पाद्रोआदो म्हणत. याचा परिणाम असा की गोव्यात धर्म आणि राज्य यांत दोरा घालण्याइतकीही फट उरली नाही. पाद्री हा राजाचाही माणूस झाला, आणि राजाविरुद्धची तक्रार धर्मद्रोहाच्या सदरात जाऊ लागली. सतराव्या शतकाच्या आरंभी हा व्यवहार रोमलाच जड वाटू लागला. १६२२ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी प्रोपागांडा फिदे ही धर्मप्रसाराची मध्यवर्ती संस्था स्थापन केली. राजांच्या हातातून धर्मप्रसार काढून घ्यावा आणि त्या त्या देशातील लोकांतून पाद्री तयार करावेत, असा तिचा रोख होता. तिचे चिटणीस फ्रांचेस्को इंगोली हे या मताचे कट्टर पुरस्कर्ते. दिवाडीहून चालत आलेला, लॅटिन जाणणारा, दीक्षा नाकारलेला ब्राह्मण तरुण म्हणजे इंगोलींना आपल्या प्रतिपादनाचा जिवंत पुरावाच सापडल्यासारखे झाले असावे.

रोममध्ये कास्त्रो यांनी तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचे अध्ययन केले आणि त्यांना पौरोहित्याची दीक्षाही मिळाली. १६३३ साली ते अधिकारपत्रांसह गोव्यास परतले. ती पत्रेच येथे मानली गेली नाहीत. पुन्हा रोम, पुन्हा गाऱ्हाणे. या वेळी इंगोलींनी धाडसी पाऊल उचलले: १६३७ साली कास्त्रो यांना बिशप करण्यात आले. गोव्याचे बिशपपद देणे पोर्तुगालच्या हक्कामुळे अशक्य. म्हणून त्यांना क्रिसोपोलिस या केवळ नावापुरत्या उरलेल्या प्राचीन धर्मपीठाची उपाधी दिली आणि विजापूरच्या आदिलशाही मुलखाचे व्हिकर अपोस्टॉलिक, म्हणजे थेट पोपचे प्रतिनिधी, नेमले. युक्ती कायद्याला धरून होती. आदिलशाही मुलूख पोर्तुगीजांचा नव्हता, म्हणून तेथे पोर्तुगालच्या राजाचा हक्क पोहोचत नाही, असे रोमचे म्हणणे. पोर्तुगीजांना मात्र सारा पूर्वभाग आपल्याच हक्काचा वाटत होता.

१६३९ साली बिशप कास्त्रो गोव्यास आले. अधिकाऱ्यांनी त्यांची बिशपपदाची पत्रे मान्य केली नाहीत. तेव्हा त्यांनी नदी ओलांडली आणि डिचोलीत ठाण मांडले.

डिचोली त्या वेळी आदिलशाहीत होती. वसुली देसायांकडे, दप्तर ब्राह्मण कारकुनांकडे, अंमल मुसलमान सुलतानाचा, आणि पलीकडच्या तीरावरून पळून आलेली दैवते गावोगावी नव्या घुमट्यांत बसलेली. अशा या महालात आता एक कॅथलिक बिशप येऊन राहिला. मुहम्मद आदिलशहाने त्यांना डिचोली, बांदा व वेंगुर्ले येथे चर्च उभारण्याची मुभा दिली. वरवर पाहता हा विलक्षण योग आहे: ख्रिस्ती राज्यात ख्रिस्ती बिशपला जागा नाही, आणि ती मिळते मुसलमानी राज्यातल्या हिंदू वस्तीत.

यावरून आदिलशाहीला आजच्या अर्थाने धर्मनिरपेक्ष ठरविण्याचा मोह काही लेखकांना होतो. तो आवरावा, असे मला वाटते. सुलतानाचा हिशोब उघड होता. पोर्तुगीजांच्या उंबरठ्यावर, पोर्तुगीजांवर नाराज असलेला आणि तीरापलीकडील ख्रिस्ती रयतेत वजन असलेला माणूस हाताशी असणे त्याच्या फायद्याचे होते. परंतु हेतू काहीही असला तरी परिणाम नाकारता येत नाही. ज्या राज्यात निरनिराळ्या धर्मांचे लोक नांदतात आणि राज्यकर्ता त्यांतल्या एकाच चर्चशी वा एकाच पंथाशी करारबद्ध नसतो, तेथे श्रद्धावंताला श्वास घ्यायला फट मिळते. तिसवाडीत ती बुजलेली होती, डिचोलीत उरली होती. पुढे संभाजी महाराजांच्या काळात, औरंगजेबाचा बंडखोर पुत्र अकबर याच्या वास्तव्याशी जिचे नाव जोडले जाते ती नमाजगाह याच डिचोलीत उभी राहिली, हेही त्याच मालिकेतले.

डिचोलीत बिशप कास्त्रो यांनी केलेले मुख्य कार्य म्हणजे गोमंतकीयांना पौरोहित्याची दीक्षा देणे. पाद्री घडविण्यास बिशपचाच हात लागतो. सामान्य पाद्रीला तो अधिकार नसतो. त्यामुळे पलीकडे नाकारलेले तरुण नदी ओलांडून येत, दीक्षा घेत आणि परत जात. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी या दीक्षा अवैध ठरविल्या. कास्त्रो अपात्र माणसांना दीक्षा देतात, असाही आरोप झाला. त्यात सर्वस्वी तथ्य नसेल असे म्हणवत नाही, कारण भांडणाच्या भरात उमेदवाराची पारख करायला सवड कोणाला असते? पण विरोधाच्या मुळाशी पात्रतेचा प्रश्न नव्हता. इथिओपियातून हद्दपार होऊन गोव्यात राहिलेले जेझुइट पात्रिआर्क आफोन्सो मेंदेस यांनी कास्त्रो यांच्याविषयी वर्णावरून हिणवणारे जे शब्द वापरले, त्यांतून मूळ दुखणे स्पष्ट दिसते. काळ्या कातडीच्या हातून गोऱ्याने आशीर्वाद घ्यावयाचा, हे त्यांना सोसवत नव्हते.

कास्त्रो यांचा युक्तिवाद साधा होता, आणि तो त्यांनी बाहेरून आणलेला नव्हता. बाप्तिस्म्याने माणसे एक होतात ही चर्चचीच शिकवण. ती खरी असेल, तर बाप्तिस्मा झालेल्या गोमंतकीयाला अर्ध्या वाटेवर थांबविण्यास आधार कोणता? ही तर्काची रीत मला महत्त्वाची वाटते. श्रद्धा टाकून देऊन बुद्धीने प्रश्न विचारणारे पुढील शतकांत पुष्कळ झाले. श्रद्धेतलेच वाक्य हाती घेऊन श्रद्धेच्या राखणदारांना जाब विचारणे, तेही धर्मन्यायालयाची दहशत असताना, हे काम अधिक अवघड होते. त्या न्यायालयाची कचेरी दिवाडीसमोरच्याच तीरावर होती.

स्वभावाने मात्र हे गृहस्थ सोपे नव्हते. जेझुइटांशी त्यांचे वैर टोकाला गेले. १६४४च्या सुमारास ते तिसऱ्यांदा रोमला गेले. पुढे इथिओपिया, मोगल मुलूख, गोवळकोंडा अशी नवी क्षेत्रे त्यांच्या नावे जोडली गेली. इथिओपियाचे दार उघडलेच नाही, आग्र्यात जेझुइटांशी पुन्हा खटके उडाले. १६४९ साली इंगोली वारले आणि रोममधला त्यांचा खंबीर पाठीराखा नाहीसा झाला. इकडे गोव्याचे आर्चबिशप १६५२ साली निवर्तले. स्पेनपासून फुटलेल्या पोर्तुगालच्या नव्या राजास रोमने मान्यता दिलेली नव्हती, त्यामुळे त्यांच्या जागी नवे आर्चबिशप येण्यास जवळजवळ दोन तपे लागली. गोव्याचे पीठ रिकामे आणि नदीपार डिचोलीत एक बिशप बसलेला: पोर्तुगीजांना या स्थितीत किती अस्वस्थ वाटले असेल, याची कल्पना करावी.

१६५३ साली कास्त्रो यांनी गोव्यातील ब्राह्मण ख्रिस्त्यांस उद्देशून एक दीर्घ पत्र लिहिले. ब्राह्मणांचा आरसा या अर्थाच्या पोर्तुगीज नावाने ते ओळखले जाते. पोर्तुगीजांच्या व पाद्रींच्या जाचाविरुद्ध उठावे, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौज गोव्यावर चालून आली, आणि या स्वारीमागे कास्त्रोच आहेत असे पोर्तुगीजांनी धरले. त्यांचा हात नेमका किती, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

मला या पत्रात खटकते ते वेगळेच. आरसा धरला तो ब्राह्मणांपुढे. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात चाड्डो होते, शूद्र होते, गावडे होते. त्यांची मुलेही बाप्तिस्मा झालेलीच होती. गोऱ्यांनी कास्त्रोंना जन्मावरून अडविले, म्हणून ते अर्धे जग चालले. तोच युक्तिवाद एक पायरी खाली उतरविला असता तर तो त्यांच्या अंगणात आला असता. तेथवर ते गेले नाहीत. कुळाचा अभिमान आणि अन्यायाची चीड त्यांच्यात इतकी मिसळली होती की एकातून दुसरे वेगळे काढणे त्यांना जमले नाही. बाप्तिस्म्याने जात पुसली नव्हती, याचा पुरावा म्हणून त्यांच्या विरोधकांकडे बोट दाखवावे तसे त्यांच्याकडेही दाखवावे लागते.

१६५८ साली ते कायमचे रोमला गेले. पुढच्याच वर्षी, १६५९ साली, प्रोपागांडाने पूर्वेकडे जाणाऱ्या आपल्या प्रतिनिधींना दिलेल्या सूचनांत राजकारणापासून दूर राहण्यास, स्थानिक पाद्री तयार करण्यास आणि लोकांवर युरोपीय चालीरीती न लादण्यास बजावले. कास्त्रो यांच्या झगड्याचा अनुभव, त्यातल्या चुकांसह, या सूचनांमागे असणारच. १६७७ साली रोममध्येच त्यांचा अंत झाला. विजापूरच्या मुलखाचे काम त्यांचे भाचे कुस्तोदियो द पिन्यो यांच्याकडे आले. दुसरे आप्त तोमास द कास्त्रो हे कानडा-मलबार भागाचे व्हिकर अपोस्टॉलिक झाले. हेही दोघे बिशप.

डिचोली पुढे १७८१-८२च्या सुमारास पोर्तुगीजांकडे गेली आणि काही वर्षांत पेडणेही गेले. या नव्या काबिजादींत हिंदूंच्या धर्माचरणास हात न लावण्याचे धोरण पोर्तुगीजांना स्वीकारावे लागले; जुन्या काबिजादींतला सोळाव्या शतकाचा प्रयोग येथे झाला नाही. याच सुमारास, १७८७ साली, पिंटोंचा उठाव फसला. त्याच्या सूत्रधारांत दिवाडीचेच एक पाद्री होते, जुझे आंतोनियो गोन्साल्विस. बिशपपदे गोऱ्यांनाच मिळतात, हे त्यांचेही दुःख. तेही दाद मागण्यासाठी युरोपपर्यंत जाऊन रिकाम्या हाताने परतले होते. त्या उठावापायी पंधरा जण फासावर गेले.

कास्त्रो यांचे पहिले विस्तृत चरित्र १९३७ साली, त्यांच्या बिशपपदाला तीनशे वर्षे झाली तेव्हा, बेल्जियममधील लूव्हेन येथे फ्रेंच भाषेत निघाले. गोव्याच्या आर्चबिशपपदावर भूमिपुत्र येण्यास त्यानंतर आणखी एकेचाळीस वर्षे जावी लागली. १९७८ साली राऊल गोन्साल्विस त्या पदी नियुक्त झाले. पोर्तुगालचे राज्य जाऊन तेव्हा सोळा वर्षे उलटली होती.