विश्लेषण : ‘एलएमपी’ डॉक्टर कुठे गेले? नाशिकच्या सर जोसेफ भोर यांनी काय ठरवले होते?

नागपूरच्या महाल, इतवारी, सीताबर्डी भागांतल्या जुन्या घरांमध्ये ‘एलएमपी डॉक्टर’ हा शब्द अजून ऐकू येतो. तापापासून बाळंतपणापर्यंत सगळ्यासाठी घरी येणारा, तीन पिढ्यांची नाडी ठाऊक असलेला डॉक्टर. यांतले बरेच जण शहरातल्याच रॉबर्टसन मेडिकल स्कूलमध्ये शिकलेले होते. १९१४ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत पदवी नव्हे, तर वैद्यकीय व्यवसायाचा परवाना मिळत असे. आज असा अभ्यासक्रम देशात कुठेही नाही. तो बंद करण्याची शिफारस ज्या समितीने केली, तिचे अध्यक्ष डॉक्टर नव्हते. ते होते सर जोसेफ विल्यम भोर.

कोण होते भोर?

जन्म ६ एप्रिल १८७८, नाशिकच्या एका ख्रिस्ती कुटुंबात. शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूल आणि डेक्कन कॉलेजात, नंतर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात. १९०२ मध्ये ते आयसीएस झाले आणि मद्रास प्रांतात रुजू झाले. १९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानाचे दिवाण होते. पुढे लंडनमध्ये भारताचे प्रभारी हाय कमिशनर, मग व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात उद्योग व मजूर आणि त्यानंतर व्यापार व रेल्वे खाते. जपानी कापडाच्या लोंढ्याने मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या बेजार झाल्या होत्या, तेव्हा १९३३-३४ मध्ये जपानशी व्यापार कराराची बोलणी भारताच्या बाजूने त्यांनीच केली. सायमन कमिशनच्या कामातही ते होते. त्यामुळे राष्ट्रीय चळवळीतल्या लोकांना हे नाव फारसे प्रिय असण्याचे कारण नव्हते.

थोडक्यात, फायलींमध्ये आयुष्य गेलेला पट्टीचा प्रशासक. वैद्यकाशी संबंध म्हणावा तर घरातला : पत्नी मार्गारेट वैद्यकीय पदवीधर होत्या.

ऑक्टोबर १९४३ मध्ये, बंगालमध्ये दुष्काळाने माणसे मरत असताना, सरकारने आरोग्य सर्वेक्षण व विकास समिती नेमली. निवृत्त झालेल्या, पासष्टीच्या भोर यांच्याकडे अध्यक्षपद आले. समितीत डॉ. बिधानचंद्र रॉय आणि मद्रासचे डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे नामवंत वैद्यक होते आणि मजुरांची बाजू मांडणारे ना. म. जोशीही होते. इंग्लंडमधले जॉन रायल, अमेरिकेतले हेन्री सिगरिस्ट असे परदेशी तज्ज्ञ सल्ल्याला बोलावले गेले. १९४६ मध्ये चार खंडांचा अहवाल आला.

समितीला काय आढळले?

आजच्या वाचकाला हे आकडे खरे वाटणार नाहीत. सरासरी आयुर्मान जेमतेम २७ वर्षे. १९३७ मध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १६२ पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, ४३,००० लोकांमागे एक नर्स. हजार लोकांमागे रुग्णालयातली पाव खाटही नाही. डॉक्टर होते, त्यांतलेही बहुतेक शहरांत.

यावर समितीने सुचवले, की ४०,००० लोकवस्तीला एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे. तिथे दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी आणि इतर कर्मचारी असावेत. उपचार आणि प्रतिबंध एकाच छताखाली व्हावेत आणि पैसे नाहीत म्हणून कुणाला परत पाठवू नये. सरकारी डॉक्टरला पूर्ण पगार द्यावा, पण खासगी प्रॅक्टिस करू देऊ नये. आपल्या तालुक्यातल्या ‘पीएचसी’ची पाटी वाचताना भोर यांचे नाव कुणाच्या डोक्यात येत नाही, पण मूळ तिथे आहे.

एलएमपी का बंद झाले?

त्या वेळी नोंदणीकृत डॉक्टर सुमारे ४७,५०० होते आणि त्यांतले जवळपास ३०,००० परवानाधारक. म्हणजे तिघांतले दोघे एलएमपी. तरीही त्यांची गणना दुय्यम. १९३३ च्या इंडियन मेडिकल कौन्सिल कायद्याने तर फक्त पदवीधरांनाच विचारात घेतले आणि परवानाधारकांना बाहेर ठेवले. हा अपमान त्यांना झोंबत होता. त्यांची स्वतंत्र अखिल भारतीय संघटना होती आणि समान दर्जासाठी ती वर्षानुवर्षे भांडत होती.

भोर समितीने प्रश्न दुसऱ्या टोकाने सोडवला. यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा, विद्यापीठाचा पदवीधर. समितीने त्याला मूलभूत डॉक्टर मानले आणि शिक्षणातले तीन महिने प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकासाठी राखायला सांगितले. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला जास्त शिकलेला, ही विभागणी तिला नको होती. काही सदस्यांनी मात्र विरोधी मत नोंदवले : डॉक्टरांची एवढी टंचाई असताना कमी मुदतीचा अभ्यासक्रम बंद केला, तर खेड्यात जाणार कोण?

दोन्ही बाजू खऱ्या होत्या, हीच यातली अडचण. बहुमताचे म्हणणे टिकले. वैद्यकीय शाळा एकेक करून महाविद्यालये झाल्या किंवा बंद पडल्या. नागपुरात रॉबर्टसन स्कूलच्या जागी १९४७ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, म्हणजे आपले ‘मेडिकल’, उभे राहिले. जुन्या एलएमपींना संक्षिप्त अभ्यासक्रम करून एमबीबीएस होण्याची वाट ठेवली गेली.

मग फॅमिली डॉक्टरचे काय?

इथे अहवाल कमी पडला. ब्रिटनने १९४८ मध्ये आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या फॅमिली डॉक्टरकडे नोंदवले आणि त्या डॉक्टरला व्यवस्थेचा दरवाजा बनवले. भोर यांच्या आराखड्याचा भर पगारी केंद्रांवर होता. सीताबर्डीत स्वतःचा दवाखाना चालवणाऱ्याला त्यात ठरलेली जागा नव्हती. आयुर्वेद-युनानीचा निर्णय तर समितीने प्रांतांवरच सोडला.

केंद्रेही सांगितली तशी झाली नाहीत. १९५२ पासून समुदाय विकास कार्यक्रमात ती उघडू लागली, ती एका विकासगटाला एक या हिशेबाने. आज निकष मैदानी भागात ३०,००० आणि आदिवासी-डोंगराळ भागात २०,००० लोकसंख्येचा आहे. पण गडचिरोली किंवा मेळघाटात खरा प्रश्न इमारतीचा नसतो, तिथे टिकणाऱ्या डॉक्टरचा असतो. मूलभूत डॉक्टरसाठी आखलेली एमबीबीएस ही पदव्युत्तर प्रवेशाची पायरी झाली. फॅमिली मेडिसिनचे पदव्युत्तर शिक्षण उपलब्ध आहे, पण जागा थोड्या आणि वलय त्याहून थोडे. गल्लीतली रिकामी खुर्ची महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर बीएएमएस आणि बीएचएमएस डॉक्टरांनी भरली. होमिओपॅथना एक वर्षाच्या औषधशास्त्र अभ्यासक्रमानंतर ॲलोपॅथीची मुभा देणारी दुरुस्ती राज्याने २०१४ मध्ये केली आणि त्यावरचा वाद अजून धुमसतो आहे.

२०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात ‘कम्युनिटी हेल्थ प्रोव्हायडर’ना मर्यादित परवाना देण्याची तरतूद आली, तेव्हा देशभर डॉक्टर संपावर गेले. बाजू तशाच होत्या, फक्त माणसे बदलली होती : एक म्हणतो अर्धवट शिकलेला नको, दुसरा विचारतो मग खेड्यात कोण?

भोर यांचे निधन १९६० मध्ये झाले. वैद्यकीय विद्यार्थ्यांना ते भेटतात ते पीएसएमच्या पेपरमध्ये, टीपा लिहा या प्रश्नात. रॉबर्टसन स्कूल ज्या मेयो रुग्णालयाशी जोडलेले होते, तिथे १९६८ मध्ये शहरातले दुसरे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. पूर्वी एलएमपी घडत होते, तिथे आता एमबीबीएस शिकवले जाते.