पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर आणि खासगीचे धन

देवस्थानास मिळकत अर्पण करू इच्छिणारे भाविक मृत्युपत्र, दानपत्र, न्यास यांविषयी आम्हांस वारंवार विचारणा करतात. त्यानिमित्ताने मातोश्री अहिल्यादेवींचे चरित्र या एका अंगाने येथे सादर करीत आहोत. त्यांच्या मंदिरांची व घाटांची थोरवी सर्वश्रुत आहे. तो पैसा कोणत्या खात्यातून आला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी येथे झाला. सुभेदार मल्हारराव होळकरांचे पुत्र खंडेराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १७५४ साली कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव पडले. १७६६ साली मल्हारराव व पुढच्याच वर्षी एकुलता पुत्र मालेराव निवर्तले. सैन्याची जबाबदारी तुकोजी होळकरांकडे सोपवून देवींनी महेश्वरातून १७९५ पर्यंत कारभार केला.

होळकरांच्या घरी द्रव्याचे दोन भाग होते. एक दौलतीचा, म्हणजे राज्याचा, दुसरा खासगीचा. बाजीराव पेशव्यांनी १७३४ साली मल्हाररावांच्या पत्नी गौतमाबाईंच्या नावे स्वतंत्र जहागीर दिली, तिचे उत्पन्न ही खासगी. तिच्यावर सुभेदारांचाही हक्क नव्हता. १७६१ साली गौतमाबाई वारल्यावर ती सुनेकडे आली. काशी विश्वेश्वराचे १७८० मधील मंदिर, सोमनाथाचे १७८३ मधील मंदिर, गयेचे विष्णुपद, ठिकठिकाणचे घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांचा भार या खासगीने वाहिला. या धनावर देवींनी तुळशीपत्र ठेवले, असे परंपरा सांगते. आज ‘खासगी’ म्हणजे ज्यात इतरांचा संबंध नाही ते. येथे मात्र खासगीचाच पैसा सर्वांच्या उपयोगी पडला.

परधनाविषयीची त्यांची दृष्टी तर अधिकच विचार करण्याजोगी आहे. निपुत्रिकाच्या धनात सरकारने वाटा घ्यावा, अथवा विधवेने दत्तक घेताना मंजुरीसाठी मोठा नजराणा द्यावा, अशी त्या काळची रीत होती. (स्वतंत्र भारतातही १९५३ ते १९८५ या काळात मृताच्या मोठ्या मिळकतीवर इस्टेट ड्यूटी घेतली जात असे; तिचे तत्त्व मात्र वेगळे होते.) इंग्रज अधिकारी जॉन माल्कम याने नोंदविले आहे की, इंदूरच्या एका निपुत्रिक सावकाराच्या धनात भाग घेण्याचे तुकोजींच्या मनात आले, तेव्हा देवींनी विधवेचा पक्ष घेतला व तुकोजींना तेथून कूच करण्यास कळविले. खरगोणकडील दोन धनाढ्य विधवांनी आपण होऊन संपत्ती देऊ केली असता ती स्वीकारली नाही. लोकोपयोगी कामात लावावी, असे सुचविले. खजिन्यात आयती येणारी रक्कम नाकारणे राज्यकर्त्याला सोपे नसते, हे येथे लक्षात घ्यावे.

त्यांच्या स्वतःच्या घरी काय उरले होते? कन्या मुक्ताबाईंचा पुत्र तरुण वयात गेला. १७९१ च्या सुमारास जामात यशवंतराव फणसे वारले आणि मुक्ताबाई सती गेल्या. पोटचे कोणीही राहिले नाही. तथापि धनाचे काय करावे, हा प्रश्न देवींपुढे अखेरीस उभा राहिला नाही. विनियोग हयातीतच ठरला होता, खर्चही वर्षानुवर्षे नेमून दिलेला होता. दक्षिणेतील देवस्थानांस गंगोदक पोहोचविण्याची व्यवस्थाही त्यातच होती. १३ ऑगस्ट १७९५ रोजी त्यांनी देह ठेवला.

खासगीचे खाते त्यांच्या पश्चात संस्थानात चालू राहिले. १९४८ साली होळकर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, तेव्हा खासगीच्या उत्पन्नाच्या बदल्यात धर्मादाय कार्यासाठी दरसाल २,९१,९५२ रुपये देण्याचे सरकारने मान्य केले. २७ जून १९६२ रोजी खासगी (देवी अहिल्याबाई होळकर चॅरिटीज) ट्रस्ट स्थापन झाला. देवस्थाने व घाट त्याच्या व्यवस्थेखाली आले.

पुढे काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद न्यायालयात गेला. २१ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, या न्यासास मध्य प्रदेशचा १९५१ चा सार्वजनिक न्यास कायदा लागू आहे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. झालेल्या हस्तांतरणांत न्यासाचे नुकसान झाले काय, हे पाहण्याचे काम निबंधकांकडे सोपविण्यात आले. या कायद्याप्रमाणे न्यासाची स्थावर मिळकत विकण्यापूर्वी निबंधकांची मंजुरी घ्यावी लागते.