मॅलरीच्या घरचा फोटो

वेल्समध्ये स्नोडनच्या पायथ्याशी गेलो की मला हटकून जॉर्ज मॅलरी आठवतो. १८८६ साली जन्मलेला हा शाळामास्तर तरुणपणी इथल्याच कड्यांवर चढायचा. १९२१, १९२२ आणि १९२४ अशा तिन्ही ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमांत तो होता. ८ जून १९२४ला सँडी अर्विनबरोबर शिखराकडे निघाला, तो परत आलाच नाही. वय अवघं ३७!

घरी बायको रूथ आणि तीन लेकरं. धाकटा जॉन तर चार वर्षांचाही नव्हता. जगाला वीर मिळाला हो, पण त्या पोरांचे बाबा गेले ते गेलेच.

मॅलरी रूथचा फोटो शिखरावर ठेवणार होता, असं घरचे सांगत. १९९९ साली सुमारे ८,१५५ मीटरवर त्याचा देह सापडला, तेव्हा खिशात तो फोटो नव्हता. मग तो वर पोचला होता का? कोडं अजून सुटलेलं नाही.

पण त्याआधीच, १९९५ मध्ये, जॉनचा मुलगा एव्हरेस्टवर पोचला होता. त्याचंही नाव जॉर्जच. त्यानं आजी-आजोबांचा फोटो शिखरावर ठेवला. आजोबा पोचले की नाही, देव जाणे. नातवानं मात्र दोघांना एकत्र वर नेलं. मला तेवढं पुरतं.